नावावरचा बोजा : 'डीटूर' हा छोटा सिनेमा आणि ओळखचोरी

आजचा विषय सिनेमाचा आहे, पण सुरुवात सातबाऱ्यापासून करतो. शेत विकत घ्यायचं ठरलं की आपण आधी काय बघतो? बोजा आहे का ते. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचं, बँकेचं कर्ज नोंदवलेलं असतं. ते न बघता व्यवहार केला, तर शेताबरोबर ती कटकटही घरी येते. माणसाच्या नावाचंही तसंच आहे. नावावर पैसा असतो, गाडी असते, वारसाहक्क असतो. त्याच नावावर देणी, भांडणं आणि वैरीही असतात. दुसऱ्याचं नाव चोरणारा फक्त जमेची बाजू बघतो. बोजा नंतर कळतो.

हे अगदी नेमकं दाखवणारा सिनेमा म्हणजे 1945 चा अमेरिकन 'डीटूर'. दिग्दर्शक एडगर जी. अल्मर. लांबी जेमतेम 68 मिनिटं. रस्त्याचं काम चालू असलं की 'पर्यायी मार्ग' अशी पाटी लावतात ना, तोच या शब्दाचा अर्थ.

आता गोष्ट ऐका. अल रॉबर्ट्स हा न्यूयॉर्कमधला पियानोवादक. त्याची प्रेयसी हॉलिवूडला गेलेली. खिशात पैसे नाहीत, म्हणून हा लिफ्ट मागत मागत देश ओलांडायला निघतो. मेडशी अकोला-वाशिम रस्त्यावरचं गाव; हात दाखवून गाडी थांबवणं इथे कुणाला समजावून सांगायला नको. त्याला हॅस्केल नावाचा माणूस गाडीत घेतो. हॅस्केलच्या हातावर ओरखडे असतात. एका बाईने ओरबाडलं असं तो सांगतो. रात्री पाऊस येतो, अल गाडीचं टप लावायला उतरतो, दार उघडतो, तर हॅस्केल बाहेर कोसळतो आणि त्याचं डोकं दगडावर आपटतं. मेला.

अलला वाटतं, पोलीस आपल्यावर विश्वास ठेवणारच नाहीत. म्हणून तो मृतदेह लपवतो आणि हॅस्केलचे कपडे, पैसे, कागदपत्रं, गाडी सगळं घेतो. इथे लक्षात घ्या, सुरुवात भीतीने झालेली आहे. पण पाकीट हातात आल्यावर भीती आणि लोभ यांतली रेघ पुसट होते. पुढे सामानातल्या पत्रावरून त्याला कळतं की हॅस्केल स्वतःच लबाड होता. भजनांची पुस्तकं विकणारा असल्याचं सोंग घेऊन तो सख्ख्या बापाकडूनच पैसे उकळणार होता. म्हणजे चोरलेलं नावही लबाडाचंच!

दुसऱ्या दिवशी अल एका तरुणीला लिफ्ट देतो. तिचं नाव व्हेरा. ॲन सॅव्हेज या अभिनेत्रीने ही भूमिका अशी केली आहे की विसरता येत नाही. थोड्या वेळाने ती थेट विचारते, खऱ्या माणसाचं तू काय केलंस? ते ओरखडे काढणारी बाई तीच! हॅस्केलचं नाव घेतलं आणि हॅस्केलची वैरीण शेजारच्या सीटवर येऊन बसली. हाच तो बोजा.

आता व्हेराचा लोभ सुरू होतो. आधी गाडी विकायची ठरते. सौदा होत आलेला असताना विक्रेता गाडीच्या विम्याचं विचारतो, आणि अल अडखळतो. चेहरा, सही सगळं निभावून नेता येतं. साधा प्रश्न घात करतो. मग व्हेराला पेपरात बातमी दिसते की हॅस्केलचा श्रीमंत बाप मरणपंथाला लागला आहे. तिचं म्हणणं, तू मुलगा म्हणून जा. अल नकार देतो, कारण घरच्यांनी एक जरी प्रश्न विचारला तरी सोंग उघडं पडणार. शेवटी दारूच्या नशेत ती फोन घेऊन खोलीत कोंडून घेते, पोलिसांना कळवायची धमकी देते. अल दाराखालून वायर ओढतो, आणि ती वायर तिच्या गळ्याभोवती असते. दुसरा मृत्यू. ही सगळी हकिकत सांगतो कोण? स्वतः अल. दोन्ही मृत्यूंना साक्षीदार तोच, त्यामुळे त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे बघणाऱ्याने ठरवायचं.

आता कमी खर्चाबद्दल. पीआरसी ही हॉलिवूडमधली अगदी गरीब कंपनी. सहा दिवसांत चित्रीकरण उरकलं, अशी आख्यायिका खुद्द अल्मर सांगायचे. पुढे अभ्यासकांनी कागद तपासले तेव्हा खर्च 1 लाख डॉलरच्या वर गेल्याचं दिसलं. मोठ्या स्टुडिओंच्या मानाने तरीही किरकोळच. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, म्हणून पडद्यावर नुसतं धुकं. एक गंमत बघा. अल पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे नकाशात उजवीकडून डावीकडे चाललाय. पडद्यावरची दिशाही तशीच दिसावी म्हणून लिफ्ट मागण्याची काही दृश्यं उलटवून छापली. त्यामुळे अमेरिकेत गाड्या डावीकडून धावताना दिसतात! तिकडच्या प्रेक्षकाला ते खटकतं. आपल्याला नाही, कारण आपण डावीकडूनच चालवतो. 1992 मध्ये या सिनेमाची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवड झाली.

आपल्याकडे या गुन्ह्याला शब्द आहे, तोतया. हा शब्द उच्चारला की सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं. भाऊ पडले, पण मृतदेहाच्या ओळखीबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई अखेरपर्यंत सौभाग्यवतीसारख्या राहिल्या. अशा रिकाम्या जागेत सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून उभा राहिला. तो कैदेतही होता. पण 1776 मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडवून पुढे केलं, आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले. सगळ्यांना तो खरा वाटला असेल का? काहींना वाटला असेल. काहींना तो खरा असणं सोयीचं होतं. पुण्यात नारायणरावांचा खून होऊन गेलेला, राघोबा इंग्रजांकडे, गादीवर लहान मूल. महादजी शिंद्यांनी बंड मोडलं, तोतया पकडला गेला, पुण्यात चौकशी होऊन डिसेंबर 1776 मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. भाऊंचं नाव घेतलं, तर भाऊंच्या गादीचं राजकारणही अंगावर आलं. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं.

आजचं काय? दुय्यम निबंधकासमोर तोतया मालक उभा करून जमीन विकण्याचे प्रकार आजही होतात. नोंदणी कायद्याच्या कलम 82 नुसार त्याला 7 वर्षांपर्यंत कैद आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66सी लागतं, 3 वर्षांपर्यंत कैद. पण मला काळजी वाटते ती वेगळ्याच पोरांची. कुणीतरी येतो, म्हणतो, तुझं बँक खातं आणि सिम दे, महिन्याला कमिशन देतो. इथे ओळख चोरीला जात नाही, आपणच ती भाड्याने देतो. मग फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. कारण बोजा नावावर चढतो.

म्हणून आधारची झेरॉक्स देताना ती कशासाठी दिली ते तिच्यावर लिहा, तारीख टाका. आपल्या नावावर किती सिम आहेत ते 'संचार साथी' पोर्टलवर बघता येतं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकतो.

आणि 'डीटूर' जरूर बघा, इंटरनेटवर मोफत मिळतो. बघताना प्रत्येक वळणावर स्वतःला विचारा, इथे अलला परत फिरता आलं असतं का? मला तरी तीन जागा दिसतात. तुम्हाला किती दिसल्या ते सांगा. आता प्रश्न घेऊ.