बाप गेल्यावर सातबारा कुणाचा?

जलदानविधी उरकतो, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि घरात पहिली कुजबुज सुरू होते ती जमिनीची. हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडे आपल्या समाजाजवळ जमीन ती किती? कुणाची दोन एकर, कुणाचा गायरानाचा तुकडा, कुणाचे नुसते पत्र्याचे घर. पण भावाभावांत, बहीणभावांत तेढ पडायला तेवढे पुरते.

बांधव हमखास विचारतात, आपण बौद्ध, मग हिंदू वारसा कायदा आपल्याला कसा? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुसऱ्या कलमातच तो बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू असल्याचे लिहिले आहे. बापाच्या कागदावर 'हिंदू महार' आणि मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध' असे असले म्हणून वारसा तुटत नाही. कायद्याच्या नावाबद्दल समाजात नाराजी आहे, तो वाद वेगळा. पण त्याचे मूळ बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात आहे, हे विसरून चालणार नाही. ते बिल रखडवले गेले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्यामागे हे एक मोठे कारण होते. मुलीला वाटा मिळावा ही त्या बिलातली मुख्य गोष्ट. आणि आज आपल्याच घरांत जयंतीला निळे फेटे बांधणारे भाऊ बहिणीला म्हणतात, 'ताई, तुला कशाला पाहिजे? तुझ्या लग्नाला खर्च केलाच की.' लग्नाचा खर्च म्हणजे वाटा नव्हे. कायद्यात असे कुठेही नाही.

मृत्युपत्र नसेल तर माणसाच्या स्वकष्टाच्या मिळकतीचे वारस म्हणजे त्याची बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई. सर्वांचा वाटा सारखा. समजा, एका मजुराने स्वतःच्या कमाईतून घर बांधले. मागे म्हातारी आई, बायको, दोन मुलगे, एक मुलगी. घराचे पाच हिस्से होतील. म्हातारीचाही एक, मुलीचाही एक, मग ती नांदायला मुंबईत असो की वसमतला. मुलगा बापाआधी वारला असेल तर त्याची बायकोमुले त्याच्या वाट्याला येतात.

वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी जन्मापासूनच हिस्सेदार आहे. महाराष्ट्राने १९९४ साली हे पाऊल टाकले, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून तो भेद गेला. त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

बहिणीला खरोखरच वाटा सोडायचा असेल तर तिने समजून उमजून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. रक्षाबंधनाला साडी देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेणे हा प्रकार बंद झाला पाहिजे. फेरफारात तिचे नाव आले नाही म्हणून तिचा हक्कही बुडत नाही. सातबारा हा महसुलाचा कागद, मालकीचा निवाडा दिवाणी न्यायालयात होतो.

आता मृत्युपत्राचे. अठरा वर्षांवरील, शुद्धीवर असलेल्या कुणालाही ते करता येते. स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. सही येत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि त्यांनी करणाऱ्याची सही किंवा अंगठा पाहून त्याच्यासमोर सही करावी. पुढे वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी कोर्टात उभे राहावे लागते, म्हणून साक्षीदार वयाने लहान घ्यावेत. ज्याला मिळकत द्यायची त्यालाच साक्षीदार केले की संशयाला जागा होते. मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येते, शेवटचे खरे. एकत्र मिळकतीतला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, भावाचा नाही.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे कोर्टाचे शिक्कामोर्तब. हिंगोलीच्या जमिनीसाठी ते कधीच सक्तीचे नव्हते. मुंबई शहरातल्या मिळकतीला होते, डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते २१३ कलमच काढून टाकले. तेव्हा 'प्रोबेटशिवाय फेरफार होत नाही' असे सांगून पैसे मागणाऱ्या दलालापासून सावध.

बँकेतल्या नॉमिनीचाही मोठा गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे पैसे उचलून वारसांपर्यंत पोहोचवणारा, मालक नव्हे. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या पश्चात शेअर्स व म्युच्युअल फंडांवरून घरातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने हेच सांगितले की, नॉमिनेशनने वारसा बदलत नाही. एवढ्या जाणत्या घराला जे कोर्टात जावे लागले, ते आपल्या पासबुकालाही लागू आहे. नॉमिनी नसेल तर बँक वारसा दाखला मागू शकते, तो दिवाणी न्यायालयातून मिळतो.

वारस नोंदीला उशीर करू नये. अतिवृष्टीचे अनुदान, पीकविमा, सगळे सातबाऱ्यावरच्या नावावर येते, आणि मयताच्या नावाचे पैसे अडकतात. २०२५ साली शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी. शासनाने दिलेल्या वर्ग दोनच्या जमिनीलाही वारस लागतात, विकताना मात्र परवानगी हवी. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज द्यावा, सोबत मृत्यूचा दाखला आणि आई, आजी, बहिणी धरून सर्व वारसांची नावे. अर्जाची पोच घेऊनच घरी यावे.