फुगलेल्या नसांवरचे इंजेक्शन आणि त्याआधीच्या तपासण्या

रोवणी उरकली की आमच्या आरोग्य पानाकडे पायांचे प्रश्न येऊ लागतात. महिनाभर बांधीच्या चिखलात उभ्या राहिलेल्या बायांच्या पोटऱ्यांवर हिरव्या-निळ्या नसा दोरीसारख्या वर आलेल्या असतात. घोट्याजवळची कातडी काळपट पडून खाजते, संध्याकाळी पाय जड होतात, रात्री गोळे येतात. राईस मिलमध्ये पोती वाहणाऱ्या आणि हॉटेलात भट्टीपुढे दिवसभर उभ्या राहणाऱ्या भावांचीही हीच तक्रार. यंदा बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली: नसेत इंजेक्शन देऊन ती बंद करतात म्हणे, ते घ्यावे का?

उपचार खरा आहे आणि जुना आहे. पण कोणाला द्यायचा हे ठरवण्याआधी दोन-तीन तपासण्या व्हायलाच हव्यात. त्यातली एक आपल्या घरांमध्ये फार महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच राहून जाते.

आमच्या वस्तीतल्या दोन बायांचे सांगतो. दोघींच्याही घोट्याच्या आतल्या बाजूला जखम होती, रुपयाच्या नाण्याएवढी, न भरणारी. थोरलीची तीन वर्षे जुनी. पावसाळ्यात चिघळायची, हिवाळ्यात थोडी सुकायची. धाकटीची आठ महिन्यांची. दोघी एकाच दुकानातून एकच मलम आणत होत्या, आणि कोणीतरी दोघींनाही नसेचे इंजेक्शन घ्या असे सांगितले होते. थोरलीला ते मिळाले आणि जखम भरली. धाकटीच्या रक्तात सिकलसेल निघाला. तिच्या जखमेचे मूळ नसेत नव्हतेच.

आधी नसेचे समजून घेऊ. पायातले रक्त वर हृदयाकडे न्यायचे म्हणजे चढाचे काम. त्यासाठी नसांच्या आत ठिकठिकाणी छोट्या झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली परत येऊ देत नाहीत. घराण्यातला कल, बाळंतपणे, वय, वजन आणि तासन्‌तास एका जागी उभे राहणे यांमुळे या झडपा सैल होतात. मग रक्त खाली साचते, नस फुगते, वाकडीतिकडी होते. साचलेल्या रक्ताचा दाब घोट्याजवळ सर्वांत जास्त, म्हणून कातडी तिथे काळी पडते आणि जखम तिथेच होते. वरून कितीही मलम लावा, आतला दाब उतरला नाही तर ती भरत नाही. भरली तरी पुन्हा फुटते.

इंजेक्शन हा दाब उतरवते, पण वेगळ्या वाटेने. ते नस दुरुस्त करत नाही, खराब नस कायमची बंद करते. औषधे मुख्यतः दोन: सोडियम टेट्राडेसिल सल्फेट आणि पॉलिडोकॅनॉल. दोन्ही साबणाच्या जातीची. साबण भांड्याचा तेलकटपणा सोडवतो, तसे हे औषध नसेच्या आतल्या नाजूक अस्तराची हानी करते. आतून सोललेली नस चिकटते, आकसते आणि काही महिन्यांत दोरीसारखी होऊन विरून जाते. मग रक्त जाणार कुठून, असे सगळेच विचारतात. पायातले बहुतेक रक्त स्नायूंच्या आत असलेल्या खोल नसांमधून वर जाते. कातडीखालची खराब नस बंद झाली तर नुकसान नाही, फायदाच आहे. पण खोल नसा मोकळ्या आहेत का, हे आधी पाहावे लागते. त्यांतच गुठळी अडकलेली असेल आणि वरच्या नसाही बंद केल्या तर पायाची वाटच बंद होईल.

मोठ्या नसेत पातळ औषध रक्तात मिसळून लगेच फिके पडते. म्हणून त्याचा फेस करून देतात. इटलीतील डॉ. टेसारी यांनी 2000 च्या सुमारास एक सोपी युक्ती दाखवली. दोन सिरिंज एका छोट्या तोटीला जोडायच्या, एक भाग औषध आणि चार भाग हवा घ्यायची, आणि इकडून तिकडे भराभर ढकलून दाट फेस करायचा. हा फेस रक्ताला बाजूला सारतो आणि नसेच्या भिंतीला धरून राहतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर तो दिसतोही, त्यामुळे तो कुठवर गेला हे डॉक्टरांना कळते. भूल द्यावी लागत नाही, टाके नाहीत, रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो.

जखम असेल तर वाट पाहू नये. ब्रिटनमध्ये 450 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. पट्टी दोन्ही गटांना होती. एका गटाच्या खराब नसा लवकर बंद केल्या, त्यांत बऱ्याच जणांना फेसाचे इंजेक्शन होते. दुसऱ्या गटात हे काम पुढे ढकलले. पहिल्या गटात निम्म्या जणांच्या जखमा 56 दिवसांत भरल्या, दुसऱ्यात त्याला 82 दिवस लागले. मजुरी करणाऱ्या घरात सव्वीस दिवस म्हणजे काय, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

मात्र हा एकदाचा निकाल नव्हे. फेसाने बंद केलेली नस काही वर्षांनी पुन्हा उघडण्याचे प्रमाण लेझरपेक्षा जास्त आहे, इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागू शकते. "एका सुईत आयुष्यभराची सुटका" असा फलक दिसला तर त्या दारात शिरू नका.

आता तपासण्या. पहिली कलर डॉपलर सोनोग्राफी, शक्यतो उभे करून केलेली. कोणती झडप निकामी आहे आणि खोल नसा मोकळ्या आहेत का, हे तिच्यातच कळते. दुसरी पावलाची नाडी. वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्यांच्या पायात रक्त आणणाऱ्या धमन्या अरुंद झालेल्या असतात. अशा पायावर घट्ट पट्टी बांधली तर बोटे काळी पडू शकतात. दोन बोटे पावलावर ठेवून नाडी पाहायला डॉक्टरांना अर्धा मिनिट लागतो. त्यांनी पाहिली नाही तर तुम्ही आठवण करा, त्यात संकोच नको.

तिसरी सिकलसेलची. गोंदिया, भंडारा, गडचिरोली या पट्ट्यात आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात हा आजार बराच आहे, हे या पानाच्या वाचकांना नवे नाही. सिकलसेलमध्येही घोट्याजवळ जखमा होतात. आपल्या भागात त्या कमी दिसतात, पण होतात. शिवाय सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती जास्त असते, आणि या इंजेक्शनचा एक धोका गुठळीचाच आहे. वाहक असाल, तेही सांगा. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या जिल्ह्यात ही तपासणी होते. घरी सिकलसेलचे कार्ड असेल तर ते डॉक्टरांपुढे ठेवा, नसेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. धाकटीने हे केले म्हणून तिला योग्य औषध सुरू झाले.

आणखी एक घोळ हत्तीपायाचा. आपल्याकडे तोही आहे. सगळे पाऊल सुजले, कातडी जाड झाली आणि नसा दिसतच नाहीत, तर ते दुखणे वेगळे. गरोदरपणात हे इंजेक्शन देत नाहीत. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच नसा आपोआप ओसरतात.

इंजेक्शननंतर नसेवर तपकिरी डाग आणि कडक गाठ काही आठवडे, कधी काही महिने राहते, त्याला भिऊ नका. औषध नसेबाहेर गेले तर तिथे जखम होते. चुकून धमनीत गेले तर पायावर बेतते. म्हणून हे काम शल्यचिकित्सकाचे, वस्तीत पिशवी घेऊन फिरणाऱ्याचे नव्हे. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, दम लागला, नजर अंधुक झाली किंवा एका बाजूची ताकद गेली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

सुरुवात गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, शल्यचिकित्सा विभागाच्या ओपीडीत करा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या, आणि तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते विचारा.

वेळही निवडा. इंजेक्शननंतर लगेच अर्धा तास चालायचे असते, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस पायाला पट्टी किंवा दाबाचा मोजा घालायचा असतो. चिखलात तो चालत नाही, मे महिन्यात सहन होत नाही. जखम नसेल आणि घाई नसेल, तर धानाची मळणी उरकल्यावर आणि उन्हाळी धानाची रोवणी लागण्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरात जा. तोवर सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच क्रेप पट्टी बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत बांधा (नाडी तपासून घेतली असेल तरच). रात्री पायाखाली उशी घ्या. आणि नस फुटून रक्त उडाले तर उभे राहू नका: आडवे व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबून धरा. वरच्या बाजूला दोरी आवळू नका, त्याने रक्त आणखी वाहते.