जुन्या विमानतळावरचं पांढरं विमान

बेंगळुरूच्या ओल्ड एअरपोर्ट रोडवर पाहुणा आला की प्रश्न ठरलेला. प्रवासी विमानं तर २४ मे २००८ पासून देवनहळ्ळीला गेली, मग इथे अजून उतरतंय ते काय? उत्तरही तोच देतो : 'एरिया ५१सारखं काहीतरी असणार!'

अमेरिकेत तसं खरंच आहे. लास वेगासहून तांबड्या पट्ट्याची पांढरी बोइंग ७३७ विमानं कर्मचाऱ्यांना सुमारे १३० किलोमीटरवरच्या ग्रूम लेक तळावर, म्हणजेच एरिया ५१ला नेतात, परत आणतात. अंगावर कंपनीचं नाव नाही. रेडिओवर हाक 'जॅनेट'. अशा ने-आणीची सुरुवात जुनी आणि दुःखद आहे. १७ नोव्हेंबर १९५५ रोजी बरबँकहून याच तळाकडे निघालेलं सी-५४ विमान माउंट चार्ल्सटन या डोंगरावर आदळलं आणि १४ जण गेले. यू-२ या हेरविमानाचं काम तेव्हा तळावर चालू होतं. ही माणसं नेमकी कशासाठी निघाली होती, हे घरच्यांना कळायला काही दशकं जावी लागली.

हेच चित्र आपण बेंगळुरूवर चिकटवतो, आणि तिथे फसतो.

जुन्या विमानतळाची, म्हणजे एचएएलची (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) धावपट्टी गुप्त नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये विमानांचा कारखाना काढला, त्याच्याच अंगणातली ती. आज तिथे कारखान्याची विमानं आणि हेलिकॉप्टरं चाचणीसाठी उडतात, हवाई दलाचे चाचणी-वैमानिक उडतात, आणि मंत्र्यांची, उद्योगपतींची भाड्याची जेट उतरतात. पाहुण्याला दिसलेलं पांढरं विमान बहुधा यातलंच शेवटचं. भारतीय नागरी विमान असेल तर त्यावर 'व्हीटी'ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं असतातच. कारखान्याचे कामगार म्हणाल, तर ते बसने येतात आणि बाकी शहरासारखेच सिग्नलला अडकतात.

'मग चळ्ळकेरेला कसे जातात?' हा पुढचा प्रश्न. चित्रदुर्ग जिल्ह्यातलं डीआरडीओचं चाचणी केंद्र बेंगळुरूपासून साधारण २०० किलोमीटर, सरळ रस्त्याने. २८ मे २०१७ रोजी त्याचं जाहीर उद्घाटन झालं. २ एप्रिल २०२३ रोजी इस्रोने आपलं पंखवालं यान हेलिकॉप्टरने उंच नेऊन सोडलं, तिथल्याच धावपट्टीवर उतरवलं आणि त्याची चित्रफीत सगळ्यांना दाखवली. आत शिरता येत नाही ते मेंढपाळांना. अमृतमहाल कावल म्हणजे तिथली पिढीजात गायरानं. त्यांवर भिंत आली आणि तक्रार हरित लवादापर्यंत गेली. मला तरी यानापेक्षा ही भिंत जास्त बोलकी वाटते.

प्रवासी विमानात बसून संरक्षणाच्या कामाला जाणारी माणसं बेंगळुरूत आहेत, फक्त ती कुठे पोचायला बसत नाहीत. त्यांची कचेरीच विमानात असते. 'नेत्र' हे टेहळणी विमान मूळचं एम्ब्राएर कंपनीचं छोटं प्रवासी जेट. पाठीवर रडारची लांब तुळई, आत खुर्च्यांसमोर पडदे. त्याआधीचा प्रयोग इंडियन एअरलाइन्सच्याही ताफ्यात असलेल्या ॲव्हरो विमानावर झाला होता. पाठीवर मोठी तबकडी बसवलेलं ते विमान ११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूत अरक्कोणमजवळ कोसळलं. शास्त्रज्ञ आणि हवाई कर्मचारी मिळून आठ जण गेले.

तळावर कर्मचारी नेणारी विमानं भारतात नाहीतच, असंही समजू नये. हवाई दलात त्यांना साधं 'कुरिअर' म्हणतात. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ असंच होतं. आतल्या २९ जणांत विशाखापट्टणमच्या नौदल शस्त्रागाराचे आठ नागरी कर्मचारी होते. विमान बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. कोण होते, कुठे निघाले होते, हे लगोलग वर्तमानपत्रांत आलं. अवशेष मात्र सापडल्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं : चेन्नईच्या किनाऱ्यापासून १४० सागरी मैलांवर, ३,४०० मीटर खोल.