बाण आपोआप पळू लागला तर...

बारामती-इंदापूर रस्त्यावरचे आमचे भवानीनगर बहुतेकांना माहीत आहे ते साखर कारखान्यामुळे. गळीत हंगामात रस्त्याने उसाच्या गाड्यांची रांग लागते. अशाच एका हंगामात शेजारचे शेतकरी संध्याकाळी दारात आले. म्हणाले, "सर, लॅपटॉपवरचा बाण आपोआप पळतोय बघा. कुणी हात लावला नाही तरी!"

मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट राहिला होता. दुरुस्ती करणाऱ्याने फोनवरच निदान केले होते : व्हायरस आहे, सगळे पुसून नव्याने भरावे लागेल. त्या लॅपटॉपमध्ये तीन वर्षांचे उसाचे हिशेब होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी म्हणालो, "पुसायचं ते अगदी शेवटी. आधी एकेक वस्तू बाजूला काढून बघू."

पहिला संशय माउसवर. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून 1964 मध्ये अमेरिकेत पहिला माउस तयार झाला, तो लाकडी होता आणि त्याच्या पोटात दोन चाके होती. आजच्या माउसच्या पोटात छोटासा दिवा आणि कॅमेरा असतो. हा कॅमेरा टेबलाची सेकंदाला हजारोंच्या घरात छायाचित्रे घेतो. आधीच्या आणि नंतरच्या चित्रात काय सरकले, यावरून बाण किती हलवायचा ते ठरते. टेबलावर काच असेल, तर कॅमेऱ्याला धड काही दिसत नाही आणि बाण थरथरतो. कॅमेऱ्याच्या भोकात केस अडकला तरी तेच होते. उपाय साधा : भोक कोरड्या कापसाने पुसा आणि माउसखाली वहीचा पुठ्ठा ठेवा.

आम्ही माउस काढूनच ठेवला. बाण तरीही पळत होता! म्हणजे माउस निर्दोष. बिनतारी माउस असेल, तर नुसता बाजूला ठेवून भागत नाही. तो दप्तरात दाबला गेला तरी बाण हलतो. म्हणून लॅपटॉपला लावलेले त्याचे छोटे बटणही काढावे.

दुसरा संशय टचपॅडवर, म्हणजे बोट फिरवायच्या चौकोनावर. त्याच्याखाली बारीक विद्युतवाहक रेषांची जाळी असते. बोट जवळ आले की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि त्यावरून बोटाची जागा कळते. ओला किंवा घामट हात तिला फसवतो. चौकोन कोरडा पुसला, फरक पडला नाही. मग मी चार्जरची पिन काढली आणि बाण जागच्या जागी थांबला. पुन्हा लावली, पुन्हा पळाला. मुलगी म्हणाली, "सर, चार्जर लावल्यावर लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात."

तिथेच उत्तर होते. तोच चार्जर आमच्या घरातल्या बोर्डावर लावला, तर बाण शांत. त्यांच्या बोर्डाला तिसरे भोक होते, पण त्यामागे अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. चार्जरमधून झिरपणाऱ्या सूक्ष्म विजेला जमिनीत जायला वाट नव्हती आणि टचपॅडचे मोजमाप बिघडत होते. अर्ज त्या रात्री आमच्या घरी भरला. दुसऱ्या दिवशी वायरमनने तार जोडली. त्याच बोर्डावर इस्त्री लागत असे. उद्या तिच्यात बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली असती, तर काय झाले असते, हे सांगायला नको. म्हणून तिसरी पिन कधी मोडू नका आणि बोर्ड स्वतः उघडू नका.

व्हायरस कधीच नसतो, असे मात्र नाही. बाणाची चाल ओळखा. यंत्रातला बिघाड असेल, तर बाण बहुधा दिशाहीन भरकटतो. बाण नेमका बँकेच्या पानावर गेला, बटणे दाबू लागला, तर दूर बसलेला माणूस तो चालवत असण्याची शक्यता आहे. 'मदत करतो' म्हणून फोनवरून कुणी एखादे ॲप घ्यायला लावले असेल, तर संशय पक्का धरा. अशा वेळी आधी इंटरनेट तोडा, बँकेला कळवा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील, तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करा.

आणि हो, हिशेबाची दुसरी प्रत आजच काढून ठेवा. आमच्या शेजाऱ्यांनी ती त्याच रात्री काढली.