टार्नोविट्झाइट
टार्नोविट्झाइट हा ॲरागोनाइट या खनिजाचा शिसेयुक्त प्रकार आहे. अप्पर सायलेशियातील टार्नोविट्झ (आताचे पोलंडमधील टार्नोव्स्के गुरी) या खाणींच्या गावावरून त्याला हे नाव मिळाले. नामिबियातील त्सुमेब येथील नमुनेही प्रसिद्ध आहेत.

नाव स्वतंत्र असले, तरी टार्नोविट्झाइट हे स्वतंत्र खनिज मानले जात नाही. त्याच्या स्फटिकात कॅल्शियमच्या काही जागा शिशाने घेतलेल्या असतात. त्या जागांवर ज्या मूलद्रव्याचे अणू सर्वाधिक, त्यावरून खनिजाची जात ठरते. कॅल्शियमचे प्राबल्य असेपर्यंत ते ॲरागोनाइटच होय. शिशाचे प्राबल्य असलेले, याच रचनेचे खनिज म्हणजे सेरुसाइट. ही तुलना अणुसंख्येने करावी लागते, वजनाने नव्हे. शिशाचा अणुभार २०७.२, तर कॅल्शियमचा ४०.०८ आहे; त्यामुळे दोन्ही समान वजनाने आढळली, तरी कॅल्शियमचे अणू पाचपटीहून अधिक असतात. विश्लेषणातील वजनी टक्के तसेच वाचल्यास नमुन्यावर सेरुसाइटची चिठ्ठी चुकून लागू शकते.

शिशाचा आयन कॅल्शियमच्या आयनापेक्षा मोठा असल्याने तो कॅल्साइटपेक्षा ॲरागोनाइटच्या रचनेत अधिक सहज सामावतो. शिसेयुक्त कॅल्साइटला प्लंबोकॅल्साइट म्हणतात. सार्डिनियातील इग्लेसियासवरून आलेले ‘इग्लेसियासाइट’ हेही प्रकारनामच असून ते जस्तयुक्त सेरुसाइटला दिले जाते. याउलट हायड्रोसेरुसाइट व फॉस्जेनाइट यांत अनुक्रमे हायड्रॉक्सिल व क्लोराइड असून त्यांची स्फटिकरचनाही निराळी असल्याने त्या स्वतंत्र जाती ठरतात.