मैदान दाखविणारी वाणी

वार्षिक परीक्षा आटोपली, की शाळेचे वर्ग ओस पडतात आणि मैदाने गजबजू लागतात. वैशाखातल्या उन्हाची तमा न बाळगता मुले क्रिकेट, कबड्डी, खो-खो यांत रंगून जातात. गावोगाव सामने भरतात आणि ध्वनिक्षेपकावरून कोणी हौशी तरुण खेळाचे वर्णन करीत असतो. खेळ शिकविणारे पुष्कळ भेटतात. परंतु पाहिलेला खेळ दुसऱ्याला शब्दांनी दाखविणे हीही एक विद्या आहे आणि ती अभ्यासानेच साध्य होते, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला सुटीच्या पाच-सहा आठवड्यांत या विद्येचा पाया खचित घालता येईल.

तिचे मर्म तिच्या आरंभीच्या कथेतच सापडते. १५ जानेवारी १९२७ रोजी लंडनमधील ट्विकनहॅमच्या मैदानावरून इंग्लंड आणि वेल्स यांच्यातील रग्बी सामन्याचे धावते समालोचन बीबीसीने प्रक्षेपित केले. अशा प्रकारचा तो तिचा पहिलाच प्रयोग होता. बोलण्याचे काम कॅप्टन वेकलम यांच्याकडे होते. खेळाची त्यांना उत्तम जाण होती. पण न दिसणाऱ्या श्रोत्यांशी बोलावयाचे कसे, हा प्रश्न होताच. तेव्हा योजकांनी एका अंध क्रीडाप्रेमी गृहस्थाला त्यांच्यासमोर आणून बसविले आणि या मित्राला सामना सांगा, असे त्यांना सुचविले. एका माणसाला समजेल असे बोलले, की घरोघरच्या श्रोत्यांना ते आपोआप समजते. समालोचनाचा पहिला धडा हाच होय.

पुढच्याच आठवड्यात आर्सेनल आणि शेफिल्ड युनायटेड यांच्या फुटबॉल सामन्याच्या वेळी आणखी एक सोय करण्यात आली. मैदानाचे आठ चौकोन पाडून त्यांना क्रमांक देण्यात आले आणि तो नकाशा बीबीसीच्या साप्ताहिकात छापला गेला. चेंडू कोणत्या चौकोनात आहे, हे दुसरा निवेदक मधूनमधून सांगत असे. श्रोत्याला सर्वप्रथम काय हवे असते, हे यावरून स्पष्ट होते. खेळ कोठे चालला आहे हे कळल्यावाचून त्यातील चुरस त्याला कळत नाही.

नवशिक्याची चूक नेमकी येथेच होते. कबड्डीचा सामना ऐन रंगात आला, की तो ओरडतो, “अरे वा! काय ही चढाई! सुटला, सुटला! कमाल केली!” मैदानाच्या कडेला उभा असलेल्या प्रेक्षकाला हे चालते, कारण त्याने सारे पाहिलेलेच असते. घरी बसलेल्या श्रोत्याच्या हाती मात्र आरोळीखेरीज काही लागत नाही. तोच प्रसंग असा सांगता येईल : “चढाई करणारा निदानरेषा ओलांडून आत गेला आहे. डाव्या कोपऱ्यातील रक्षकाने त्याचा घोटा धरला. आणखी दोघे धावून आले. तो खाली पडला, पण त्याचा हात मध्यरेषेला लागला. तिघेही बाद! तीन गुण मिळाले. आता सतरा विरुद्ध पंधरा.” या वर्णनात ‘कमाल’ हा शब्द कोठेच नाही, तरी कमाल काय झाली ती ऐकणाऱ्याला कळते. आधी स्थळ, मग कर्ता, मग कृती, मग परिणाम आणि सर्वांत शेवटी आश्चर्य, हा क्रम अंगवळणी पडावा लागतो.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. दोन मित्रांनी मैदानाच्या कडेला बसावे. एकाने खेळाकडे पाठ करून हाती वही घ्यावी. दुसऱ्याने खेळ पाहून बोलावे. ऐकणाऱ्याने केवळ ऐकून मैदानाच्या आकृतीत चेंडूचा मार्ग काढावा. पाच मिनिटांनी आकृती ताडून पाहिली, म्हणजे बोलण्यात कोठे उणीव राहिली ते परीक्षकावाचून उमगते. घरी दूरदर्शन संचाचा आवाज बंद करून चाललेल्या सामन्याचे वर्णन करावे आणि ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. स्वतःचा आवाज ऐकताना ‘म्हणजे’, ‘बघा’, ‘तर’ हे शब्द किती वेळा आले, ते मोजावे. प्रथम ती संख्या पाहून ओशाळल्यासारखे होते. पण चार दिवसांत ती कमी होऊ लागते.

गुणसंख्या सांगण्याचा विसर हा दुसरा दोष. अमेरिकेतील बेसबॉलचे विख्यात निवेदक रेड बार्बर हे अंडी उकडताना वापरतात ते तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ समोर ठेवीत. वाळू खाली उतरली, की गुणसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटे करायचे. श्रोता कोणत्याही क्षणी येऊन बसतो. त्याला विचारता येत नाही, म्हणून निवेदकाने न विचारता सांगावयाचे असते.

शब्दसंपत्तीची चिंता मराठी विद्यार्थ्याने करण्याचे कारण नाही. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचे मराठी समालोचन लोकप्रिय केले, वि. वि. करमरकर यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून क्रीडालेखनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. षटक, यष्टिरक्षक, पायचीत, त्रिफळाचीत हे शब्द आज घरचेच झाले आहेत. खो-खोतील खांब, सूर, खो ही तर आपल्या मातीतलीच भाषा. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मुलाच्या कानावर मैदानात कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगूही पडते आणि गोव्यात कोकणी. हे त्याचे वैगुण्य नसून भांडवल आहे. इंदूरचे सुशील दोशी यांनी हिंदी समालोचनात नाव मिळविले आणि २०१६ साली ते पद्मश्रीचे मानकरी झाले. २०२३ साली आयपीएलचे सामने इंटरनेटवर मराठी समालोचनासह ऐकता आले. मात्र शेजारची भाषा अवगत असणे निराळे आणि एकाच वाक्यात तीन भाषांची खिचडी करणे निराळे. घरात बोलली जाणारी मराठी चारचौघांत नीटसपणे बोलण्याची संधी ज्या मुलाला शाळेत क्वचितच मिळते, त्याला ती मैदानावर मिळू शकते.

या विद्येत एक जबाबदारीही आहे. गावच्या सामन्यात झेल सोडणारा मुलगा ध्वनिक्षेपकाचा शब्दन् शब्द ऐकत असतो. त्याचे आईवडीलही ऐकत असतात. आता अनेक स्थानिक सामने यूट्यूबवर दिसतात, म्हणून थट्टेचे एक वाक्य सामना संपला तरी संपत नाही. “झेल सुटला, सूर्य समोर होता,” हे सत्य आहे आणि पुरेसे आहे. सूर्य समोर नसेल, तर “झेल सुटला” एवढेच म्हणावे. खोटी सबब नको, तसेच खेळाडूची जात, गाव, शरीर यांवर टोमणाही नको. आपला संघ हरत असतानाही प्रतिपक्षाचा चौकार त्याच स्पष्ट आवाजात सांगता आला, तर अभ्यास फळाला आला असे समजावे.

सुटी संपताना प्रत्येकालाच निवेदक होता येईल असे नाही. परंतु जो विद्यार्थी नीट पाहावयास, क्रमाने सांगावयास आणि पक्षपात न करता बोलावयास शिकला, त्याला इतिहासाचे उत्तर लिहिताना किंवा एखाद्या अपघाताची हकिकत सांगतानाही ही शिकवण उपयोगी पडेल. त्यासाठी प्रारंभ घरातूनच करावा. ज्यांची दृष्टी मंदावली आहे आणि मैदानापर्यंत चालवत नाही, असे आजोबा कित्येक घरांत असतात. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून आजचा सामना सांगावा. तो ऐकून त्यांनी “मग पुढे काय झाले?” असे विचारले, तर पहिली परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणावयास हरकत नाही.