रणभूमीवरील रक्तस्राव आणि जैवतंत्रज्ञान

सैन्य आणि जैवतंत्रज्ञान ही जोडी उच्चारताच न थकणारा, न झोपणारा सैनिक घडविण्याच्या कल्पना डोळ्यांपुढे उभ्या राहतात. अशा कथांचे आकर्षण मोठे असते. परंतु या शास्त्राने सैनिकास दिलेले खरे साह्य याहून साधे, म्हणजे वाहते रक्त थांबविण्याचे आहे.

२००१ ते २०११ या दशकात रणांगणावरील जखमांमुळे मृत्यू पावलेल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास झाला. त्यांपैकी बहुसंख्य शस्त्रक्रियेच्या ठिकाणी पोहोचण्यापूर्वीच मरण पावले होते. या मृतांपैकी ९७६ जण कदाचित वाचू शकले असते आणि त्यांतील नऊ-दशांशांहून अधिक जणांचे प्राण रक्तस्रावाने गेले होते.

रक्त गोठविणारी प्रथिने रक्तद्रवात, म्हणजेच प्लाझ्मात असतात. तो द्रवरूपात टिकविण्यास शीतगृह लागते आणि ते आघाडीवर कोठून आणावयाचे? यास्तव दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव गोठवून व वाळवून त्याची भुकटी करण्यात आली. मात्र अनेक दात्यांचे रक्त एकत्र केल्याने काविळीचा संसर्ग पसरू लागला आणि अमेरिकेने पुढे ही भुकटी मागे टाकली. फ्रान्सच्या लष्करी रक्तकेंद्राने १९९४ मध्ये तिचे उत्पादन पुन्हा सुरू केले. आज ही भुकटी मोजक्या दात्यांच्या रक्तद्रवापासून, जंतूंना निष्प्रभ करून बनविली जाते. ती सामान्य तापमानात दोन वर्षे टिकते, कोणत्याही रक्तगटाच्या जखमीस चालते आणि पाणी मिसळल्यावर सुमारे सहा मिनिटांत वापरता येते. अमेरिकेने आपल्या सैन्यासाठी २०१८ मध्ये तिला तातडीच्या वापराची परवानगी दिली.

दुसरे साधन कोळंबीच्या टाकाऊ कवचातून येते. त्यातील कायटिनपासून कायटोसन हा पदार्थ तयार होतो. त्यावरील धन विद्युतभार तांबड्या पेशींना आकर्षून घेतो व जखमेवर चिकट बूच बसते. कायटोसनच्या पट्ट्या इराक व अफगाणिस्तानात वापरल्या गेल्या.

तिसरे, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, हे काटेकोरपणे पाहता रसायनशास्त्राचे अपत्य असून ते उटाको व शोसुके ओकामोटो या जपानी दांपत्याने शोधले. ते रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमींवरील चाचणीत त्याने मृत्यूंचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. या चाचणीत भारतीय रुग्णालयेही सहभागी होती. हे जखमी नागरिक होते आणि औषधही स्वस्त आहे. तथापि ते अपघातानंतर तीन तासांच्या आत द्यावे लागते. त्यानंतर दिल्यास रक्तस्रावाने मृत्यू होण्याचा धोका उलट वाढतो.